डायरी घेण्याआधी जुनी उघडा

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की दुकानांत डायऱ्यांच्या थप्प्या दिसायला लागतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून नुसतं जायचं म्हटलं तरी पाय अडखळतो. मी तर दरवर्षी फसते. जाडजूड डायरी, रोजचं एक पान, मधे रेशमी फीत. हातात घेतली की वाटतं, यंदा आपण व्यवस्थित राहणार!

यंदा मात्र दुकानात जाण्याआधी मी सरत्या वर्षाची डायरी काढून बसले. जानेवारीचे पहिले अठरा दिवस ठाशीव अक्षरात. पुढे दुधाचे खाडे. जूनच्या एका अख्ख्या पानावर एवढंच, ‘गहू पाच, ज्वारी तीन, बारीक दळणे’. मंगळवार, बुधवार कोरे करकरीत. आणि रविवार? रविवारची अक्षरं समासात चढलेली, आडवी-तिडवी. कारण माझी सगळी धावपळ रविवारची, आणि डायरी छापणाऱ्यानं शनिवार-रविवार एकाच पानावर कोंबलेले. त्याच्या लेखी तो सुट्टीचा दिवस. घर चालवणाऱ्या बाईचा किंवा दुकानदाराचा रविवार त्यानं पाहिला नसावा.

म्हणजे मला हवी होती आठवड्याची डायरी. समोरासमोरच्या दोन पानांवर अख्खा आठवडा, आणि रविवारला बाकीच्यांइतकीच जागा.

वजनाचंही बघा. कागदावर ‘८० जीएसएम’ लिहितात, म्हणजे एक चौरस मीटर कागद ८० ग्रॅम भरतो. ए-फाइव्ह आकाराचा, म्हणजे नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा तुकडा अडीच ग्रॅमचा. रोज एक पान म्हटलं तर असे १८३ तुकडे लागतात. झाले साडेचारशे ग्रॅम, वर पुठ्ठा. अर्धा किलो! डबा, पाण्याची बाटली आणि छत्रीसोबत हे लोकलमधून रोज कोण नेणार? आठवड्याची डायरी याच कागदावर दीडशे ग्रॅमच्या आत बसते.

पातळ कागद हलका असतो, पण शाईपेन वापरत असाल तर जपून. दुकानात शेवटच्या कोऱ्या पानावर, दुकानदाराला विचारून, आपल्याच पेनानं एक ओळ लिहा आणि पान उलटून बघा. अक्षरं मागे उमटली तर ठेवून द्या. बॉलपेनवाल्यांना ही काळजी नाही. डायरी मधोमध उघडून टेबलावर सोडा. दोऱ्यानं शिवलेली असेल तर बहुधा सपाट पडते, नुसत्या गोंदावरची बरेचदा मिटू बघते. अशा डायरीत एका हातानं दाबून दुसऱ्यानं लिहावं लागतं, आणि फोन कानाशी असला की ते जमत नाही.

शाळेत शिकवणाऱ्यांचं वर्ष जूनला सुरू होतं, हिशेब लिहिणाऱ्यांचं एप्रिलला. त्यांनी तारखा न छापलेली घ्यावी, निम्मी कोरी पानं वाचतील.

आणि सण तपासून घ्या. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचं सगळं लांबतं. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गावाला जायचं रिझर्व्हेशन २०२५ च्या अंदाजानं मांडाल तर चुकाल.

जाता जाता काटकसरी श्रोत्यांसाठी. २०२६ चे वार २०१५ शी तंतोतंत जुळतात, १ जानेवारी दोन्हीकडे गुरुवार. तेव्हाची भेट आलेली कोरी डायरी माळ्यावर असेल तर काढा. माझ्याकडे एक निघाली. सण मात्र खोडून लिहावे लागतील. त्या वर्षी गणेश चतुर्थी १७ सप्टेंबरला होती आणि लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला. दोन्हीकडे तीन-तीन दिवस मागे घेतले की झालं.

नमस्कार.