मे महिन्यात मुळं गार कशी ठेवायची

मंडळी, हरितगृह म्हटलं की डोळ्यांपुढे पांढऱ्या प्लॅस्टिकचा बोगदा येतो. ही रचना मुळात थंड मुलखातली. बाहेर गारठा असताना आत ऊब धरून ठेवायची, हे तिचं काम. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इथे गच्चीवर तसला बोगदा बांधला तर आतली कोथिंबीर दोन दुपारीही काढणार नाही. म्हणून आधीच सांगतो, खान्देशात घरच्या हरितगृहात मातीऐवजी खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक्स) हिरवा मसाला वाढवायचा तर पहिलं काम मुळं गार ठेवण्याचं. खत, बी, पाइप हे सगळं त्यानंतर.

असं का? मातीविना शेतीत मुळं पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. आणि नेमकी त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज चढते. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, वास मारतात. वर पाहावं तर पुदिना पाण्यात उभा असूनही माना टाकतो. अशा वेळी लोक घाईनं आणखी खत घालतात. त्यानं तो वाचत नाही, उलट लवकर जातो.

तेव्हा सांगाडा साधा करा. वर ५० टक्क्यांची शेडनेट, पश्चिमेकडून दुहेरी, बाकीच्या बाजू मोकळ्या. प्लॅस्टिक फक्त पावसाळ्यात आणि तेही फक्त डोक्यावर, पावसानं खताचं पाणी पातळ होऊ नये म्हणून. पाण्याच्या भांड्यात उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. बाहेरून मात्र भांडं पांढरं हवं. त्याला गोणपाट गुंडाळा आणि ते दिवसभर ओलं ठेवा. आजी रांजणाला ओलं फडकं गुंडाळायची, तोच हा उपाय. आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून तो इथे चांगला लागू पडतो. कोकणात एवढा पडणार नाही.

आता पद्धत. पाइपांची शिडी आणि त्यातून वाहणारा पाण्याचा पातळ थर, हे दिसायला फार देखणं. पण मे महिन्यात भर दुपारी तासभर वीज गेली की त्या पाइपांत मुळं सुकतात. शिवाय पाइप स्वतःच तापतात. आपल्याकडे मी ती पद्धत सुचवत नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी बिनमोटारीची पद्धत रुजवली, ती आपल्या घरांना जास्त मानवते. झाकणाला भोकं पाडून जाळीच्या कुंड्या बसवायच्या, त्यांचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल इतकंच पाणी भरायचं. झाड पाणी पितं, पातळी उतरते, वरची मुळं हवेत येतात आणि तिथून श्वास घेतात. ती मोकळी जागा जपा. पाणी कमी झालं म्हणून पुन्हा काठोकाठ भरलं, तर हवेला सरावलेली मुळं बुडतात.

खतांच्या बाबतीत आपण पुढेच आहोत. ठिबकवर केळी करणाऱ्या घरात १३:००:४५ आणि ००:५२:३४ ही पाण्यात विरघळणारी खतं (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे) नव्यानं सांगावी लागत नाहीत. फक्त युरिया टाळा. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, इथे मातीच नाही. १९:१९:१९ मध्येही नत्राचा बराचसा भाग युरियाचाच असतो, पिशवीवरचा तपशील वाचा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा. सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणात ते मिसळलं की पांढरा साका तळाशी बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह विसरू नका. कोथिंबिरीला ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १.२ ते १.८ पुरतो, सामू (पीएच) ५.५ ते ६.५ ठेवा.

कोथिंबीर म्हणजे या सगळ्याची परीक्षा. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि थेट कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडीत पेरा. तिचं सोटमूळ उपटून लावणं सोसत नाही. ऊन चढलं, दिवस लांबले की ती फुलावर येते. ताजी, भरघोस कोथिंबीर हवी असेल तर भरताच्या हंगामात, थंडीत करा. उन्हाळ्यात जागा पुदिन्याला आणि तुळशीच्या कुळातल्या बेझिलला द्या. फालुद्यात घालतो तो सब्जा याच बेझिलच्या जातीचं बी. पुदिन्याची काडी पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळं धरते. कढीपत्ता मात्र अंगणातच बरा. ते झाड आहे, त्याला माती द्या.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. बोअरचं पाणी जड असेल तर खत घालण्याआधीच ईसी मीटरचा काटा वर गेलेला असतो आणि सामू रोज चढतो. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर मुळीच वापरू नका, क्षार त्यातच साठलेले असतात. पावसाचं पाणी धरा. १० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर हिशेबानं ५०० लिटर होतं. पहिल्या सरीचं पाणी धुळीचं, ते जाऊ द्या. दुसऱ्या पावसापासून झाकणाच्या पिंपात भरायला लागा.