पूर ओसरला, खूण राहिली: विश्वाचा भूतकाळ कसा वाचतात?

नमस्कार मंडळी! आत्ता मी सांगलीत, कृष्णाकाठच्या एका गल्लीत उभा आहे. ही भिंत बघा. (कॅमेरा भिंतीवर) हात वर केला तरी पोचत नाही, तिथं ती मातकट रेघ दिसते? २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिच्याखालची पुसट रेघ २०२१ ची. इथलं बारकं पोरगंसुद्धा सांगेल पाणी कुठवर होतं, आणि पूर त्यानं पाहिलेलाही नसतो.

विश्वाचंही तसंच. तेव्हा पाहायला कुणी नव्हतं, पण रेघ उमटली.

१३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं भयंकर तापलेलं होतं. प्रकाश निघायचा आणि लगेच एखाद्या इलेक्ट्रॉनवर आपटायचा, गणपतीच्या गर्दीत अडकल्यासारखा. ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरलं, अणू जुळले, वाट मोकळी झाली. तो प्रकाश अजून फिरतोय. मधल्या काळात विश्व ११०० पट ताणलं गेलं आणि त्याची ऊबही तेवढ्याच पटीनं उतरली. करा भागाकार: ३००० भागिले ११००. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली तापमान उतरूच शकत नाही त्या टोकाच्या, वर जेमतेम पावणेतीन अंश!

ही ऊब सापडली १९६४ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीला. पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात एक खरखर यायची. दिवस असो, रात्र असो, तोंड कुठंही फिरवा, तेवढीच. आत कबुतरं राहायची, त्यांची घाणसुद्धा खरवडून काढली बिचाऱ्यांनी. खरखर काही जाईना. १९७८ मध्ये त्याच खरखरीला नोबेल मिळालं.

आता गंमत. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतंय? एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून ओरडा, "आलं, आलं… गेलं!" त्या मुंग्यांतली शंभरातली एखादी ह्याच प्रकाशाची.

सगळ्यांना हे पटलं असं नाही हं. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर म्हणायचे, ही ऊब ताऱ्यांच्याच प्रकाशातून आलेली असू शकते. प्रश्न रास्त होता. पण मला गाळाचा पुरावा जड वाटतो.

गाळ म्हणजे? पूर ओसरल्यावर घरात काय उरतं ते. विश्वात उरलं हेलियम. साध्या पदार्थाच्या वजनात जवळपास चौथा हिस्सा! ताऱ्यांनी आजवर कितीही भट्ट्या पेटवल्या तरी एवढं हेलियम त्यांच्याच्यानं होत नाही. ते पहिल्या काही मिनिटांतच शिजलं, असं धरलं की हिशेब बसतो.

माझ्या आत्याच्या माळ्यावर तिचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही अजून पडून आहे. पुराच्या वेळी वर नेलेला, तो परत खाली आलाच नाही. पुढच्या व्हिडिओत तो लावून बघू, मुंग्या येतायत का.