टीसी, मायग्रेशन आणि गिरणेचा पूल

(भुसावळ स्टेशन. पहाट. फलाटावर दुधाच्या किटल्या, केळीवाल्याची टोपली. पाठीवर सॅक घेतलेली मुलगी, पाठमोरी.)

पावणेसात वाजलेत. भुसावळ जंक्शन. मुंबईहून आलेला रूळ इथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्याकडे. त्यामुळे या फलाटावर कोण कुठून आलंय आणि कुठे निघालंय, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. या मुलीला जायचंय जेमतेम २५ किलोमीटर. जळगावला.

नाव घालू नका, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. वर्गात तिला सुरुवातीला ‘ती ट्रान्सफरवाली’ म्हणत. आम्ही तेही म्हणणार नाही.

(गाडीच्या खिडकीतून केळीच्या बागा. मागे, लांबवर, दीपनगरची धुरांडी.)

ही धुरांडी दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची. वडिलांची बदली इथे झाली, जूनमध्ये. ट्रकमध्ये कपाट चढलं, गॅसची टाकी चढली. धाकट्या भावाचा दाखला आठ दिवसांत निघाला आणि तो नव्या शाळेत जाऊनही बसला. हिचं मात्र एमएस्सीचं पहिलं वर्ष जुन्या विद्यापीठात झालेलं. विषय पर्यावरणशास्त्र. चारपैकी दोन सत्रं तिकडे संपलेली, दोन उरलेली. एकटीने मागे राहायचं तर खोलीभाडं आणि मेस. घरात हिशेब झाला आणि ठरलं की दुसरं वर्ष जळगावला.

जुन्या विद्यापीठाची दृश्यं आमच्याकडे नाहीत. तिथे कॅमेरा गेलाच नाही, आणि नाव घेण्याचंही कारण नाही. तिथून जे आलं, ते सगळं या फाइलीत आहे.

(क्लोजअप. निळी प्लास्टिकची फाइल, बटणाची. बटण तुटलेलं, रबरबँड लावलेला.)

ही फाइल नीट बघा. पुढचे तीन महिने ती हिच्या डब्यापेक्षा जास्त वेळा उघडली गेली.

सगळ्यात वर टीसी. म्हणजे संस्था सोडल्याचा दाखला. त्याखाली मायग्रेशन. बाहेरच्यांना दोन्ही एकच वाटतं, आम्हालाही वाटायचं. टीसी देते ज्या संस्थेत शिकलो ती. मायग्रेशन देतं विद्यापीठ: ही विद्यार्थिनी आमच्याकडून गेली, दुसऱ्या विद्यापीठात शिकायला आमची हरकत नाही. मायग्रेशनसाठी अर्ज वेगळा, चलन वेगळं, खिडकीही वेगळी. त्याखाली पदवीच्या सहा सत्रांच्या गुणपत्रिका, एमएस्सीच्या दोन. आणि सगळ्यात जाड गठ्ठा अभ्यासक्रमाचा. पहिल्या वर्षी काय काय शिकवलं, याची छापील प्रत. प्रत्येक पानावर विभागाचा शिक्का आणि सही.

(क्लोजअप. गठ्ठ्याची पानं उलटतात. सुरुवातीचे शिक्के ठसठशीत, पुढचे पुसट, शेवटी नुसतं वर्तुळ.)

शिक्के पुसट होत गेलेत, कारण मधेच शाई संपली. शिपाईकाका म्हणाले, “बेटा, उद्या ये.” उद्या नव्हता, ट्रक संध्याकाळी सुटणार होता. मग त्यांनी पॅडवर दोन थेंब पाणी टाकलं. ती पानं ही.

(जळगाव स्टेशनबाहेर. शेअर रिक्षा. आकाशवाणी चौक. महामार्ग.)

स्टेशनवरून रिक्षा. “युनिव्हर्सिटी” म्हटलं तरी चालतं, “बांभोरी” हे शेजारच्या गावाचं नाव घेतलं तरी रिक्षावाल्या भाऊंना कळतं. बरेच जण अजून ‘एनएमयू’च म्हणतात, नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी. वर्तमानपत्रात ‘कबचौ उमवि’ छापून येतं, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. ते वाचून पहिल्यांदा तिला हे एखाद्या सरकारी योजनेचं नाव वाटलं होतं. वाटेत खोटेनगर लागतं. नव्या माणसाने या पाटीला हसायचं असतं. तीही हसली. रिक्षातलं दुसरं कुणी हसलं नाही.

(गिरणेचा पूल. पावसाळी, गढूळ पाणी. मग ड्रोन: टेकडी, हिरवळ, पांढऱ्या इमारती, वळणाचे रस्ते.)

गिरणा ओलांडली की टेकडीवर विद्यापीठ. साडेसहाशे एकर. उन्हाळ्यात ही टेकडी बघवत नाही, झाडाची सावलीही तापलेली असते. ही दृश्यं ऑगस्टमधली आहेत, म्हणून इतकी हिरवी.

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर धुळ्याच्या पोराने पुण्याची गाडी धरायची. स्थापनेच्या वेळी विद्यापीठाच्या वाट्याला दोन जिल्हे आले, जळगाव आणि धुळे. १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि जिल्हे तीन झाले. २०१८मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव आज या टेकडीवरच्या प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर आहे. अर्ज भरताना आमचा कॅमेरामन हे म्हणाला, आणि ते इथे ठेवल्याशिवाय राहवलं नाही.

(प्रशासकीय इमारतीचा लांब व्हरांडा. मुलगी चालत येते. पाट्या, बाण, जिने.)

इथे डिपार्टमेंटला प्रशाळा म्हणतात. हा शब्द कळायला एक दिवस गेला. ती ‘पर्यावरण विभाग’ विचारत फिरत होती, लोक मान हलवत होते. एका सफाईवाल्या मावशींनी प्रशाळेच्या दारापर्यंत आणून सोडलं.

आणि मग ती साखळी. ही आम्ही मुद्दाम सावकाश सांगतोय.

प्रवेश पक्का व्हायला विद्यापीठाचा पात्रतेचा दाखला लागतो. पात्रतेला मायग्रेशनची मूळ प्रत लागते. पहिल्या वर्षाचे विषय इथल्या विषयांशी जुळतात का, हे ठरवायला शिक्क्यांची पानं लागतात. त्याला समकक्षता म्हणतात. ती ठरवतात विषयाचे प्राध्यापक, एकेक घटक दोन्ही अभ्यासक्रमांत बोट ठेवून. घाईचं काम नाही ते. तोवर प्रवेश तात्पुरता. तात्पुरत्या प्रवेशावर बोनाफाईड, म्हणजे इथली विद्यार्थिनी असल्याचा दाखला, नाही. बोनाफाईड नाही म्हणून रेल्वेच्या सवलतीच्या पासचा कागद नाही. आणि पास नाही म्हणून पहिला महिनाभर ही मुलगी रोज रांगेत उभी राहून तिकीट काढत होती.

(तिकीट खिडकी. सुट्टे पैसे. गाडी लागल्याची घोषणा, नैसर्गिक आवाज राहू द्या.)

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऑनलाइन झालंय ना आता? झालंय. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तोंडातोंडी एबीसी. नियम २०२१चे. प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं, बारा आकडी क्रमांक. जिथे शिकाल तिथले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, खात्यात जमा. सात वर्षांपर्यंत ते वापरता येतात. पदवी जे विद्यापीठ देणार, तिथे निदान निम्मे क्रेडिट कमवायचे, एवढी अट. हिची दोन सत्रं तिकडे, दोन इकडे. बरोबर निम्मे. कागदावर हिच्याइतकी फिट्ट बसणारी विद्यार्थिनी शोधून सापडणार नाही.

(मोबाइलचा स्क्रीन. खातं उघडतं. पहिल्या सत्राची नोंद. दुसऱ्या सत्राखाली रिकामी जागा.)

पण खात्यात पैसे बँक टाकत नाही, टाकणारा टाकतो. जुन्या विद्यापीठाने पहिल्या सत्राचे क्रेडिट चढवले होते. दुसऱ्याचे बाकी होते. फोन लावला की संगीत वाजायचं. म्हणून शेवटी कामाला आली ती पाण्याचे थेंब टाकून उमटवलेली पानं.

समकक्षतेत दोन पेपर जुळले नाहीत. ते ज्युनिअर मुलांबरोबर द्यावे लागतील; पदवी बहुधा एक सत्र लांबेल.

(प्रयोगशाळा. काचेची नळकांडी, वजनकाटा. चार-पाच मुलंमुली. ती कडेच्या टेबलाशी.)

पहिल्या वर्षाला आलेल्यांचं स्वागत होतं. गुलाबाचं फूल, ओळख, ग्रंथालयाची फेरी, सिनिअरांचं नाटक. तिसऱ्या सत्रात आलेल्याला फूल कोण देणार? तो नवा आहे हे हजेरीपटालासुद्धा कळत नाही, शेवटच्या नावाखाली पेनाने नाव येतं तेवढंच. वायफायचा पासवर्ड, झेरॉक्सवाला, कुठल्या सरांना मेल चालत नाही आणि समक्षच भेटावं लागतं, हे इतरांना वर्षभरात आपोआप कळलेलं असतं. संशोधन प्रकल्पाचे गट पडून गेले होते. एका गटात तीनच जणी होत्या. त्यातल्या एकीने डबा उघडून पुढे सरकवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा.

“जेवनी का व?”

हिला कळलं नाही. पण डबा कळला.

(कँटीन. चहाचे ग्लास. हसणं. आवाज वर आणा.)

या एका टेबलावर किती भाषा आहेत ते ऐका. अमळनेरची मुलगी अहिराणी बोलते. यावलची लेवा गणबोली. तिला अहिराणी म्हटलं की ती चिडते. धडगावची पावरी बोलते, आणि घरी फोन लागला की बाकीच्या दोघींनाही एक शब्द समजत नाही. परीक्षेची मराठी या तिघींनाही शिकावीच लागली होती. ही चौथी, प्रमाण मराठीवाली, पहिले काही दिवस आपणच बाहेरची म्हणून गप्प होती. आता तिला ‘तुनं नाव काय शे’ येतं. उच्चार चुकतात. मुली दुरुस्त करत नाहीत, पुन्हा म्हणायला लावतात आणि हसतात.

(अमळनेरजवळचं गाव. रविवार. सारवलेलं अंगण. चौरंगावर कानबाई: नारळ, नथ, डोळे, ओढणी. बायकांची गाणी. हे दृश्य लांब चालू द्या.)

श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार, घरी कानबाई बसलेली. अमळनेरवालीने सगळ्यांना गावी नेलं. नारळाची देवी, तिला डोळे काढलेले, नाकात खरी नथ. आदल्या दिवशीच घर धुऊन निघालेलं. पुण्या-सुरतेला गेलेले चुलते, पुतणे, त्यांच्या बायका, सगळे परतलेले. ओसरीवर चपलांचा ढीग. रात्रभर गाणी चालली. आम्ही दोन बॅटऱ्या संपवल्या आणि तिसरी तिथल्याच एका पोराच्या घरी चार्ज केली.

(चूल. रोट भाजले जातात. गंगाफळाची भाजी, खीर, कढी.)

रोट या घरात फक्त भाऊबंदांनी खायचे. पाहुण्यांना नाही, कॅमेऱ्यालाही नाही. घरातल्या आजींनी हे आधीच सांगून टाकलं आणि मग हिच्या ताटात गंगाफळाची भाजी इतकी वाढली की तिने आमच्याकडे बघितलं. आम्ही आमच्या ताटाकडे बघत होतो.

(सोमवार सकाळ. विसर्जन. डोक्यावर कानबाई, डफाचा ठेका, फुगड्या. ती गर्दीत. निवेदन नाही.)

(गिरणेचा काठ, पुलाखाली. सप्टेंबर. पाणी निवळलेलं. चौघी गुडघाभर पाण्यात.)

प्रकल्प गिरणेच्या पाण्यावर आहे. पुलाच्या वरच्या अंगाला एक नमुना, खालच्या अंगाला एक, दर पंधरा दिवसांनी. बाटली आधी नदीच्या पाण्यानेच तीनदा विसळायची, मग पूर्ण बुडवून भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. हे काम तिला जुन्या ठिकाणी शिकवलेलं. इथल्या तिघी आधी बाटली अर्धी भरायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा गटाने तिचं ऐकलं.

तिच्याकडची नदी पूर्वेला वाहते. इथली गिरणा तापीला मिळते आणि तापी पश्चिमेला, सुरतेकडे. सुरुवातीला पुलावर उभं राहून ती चुकीच्या बाजूला ‘खालचं अंग’ म्हणायची.

(क्लोजअप. बाटलीवर लेबल. पेन. नोंदणी क्रमांक लिहिताना जुन्या क्रमांकाचे पहिले चार आकडे उमटतात. खोडते. पुन्हा लिहिते.)

(जळगाव स्टेशन. संध्याकाळ. फलाटावर ती. हातात पास.)

बोनाफाईड सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं. हा पास त्यानंतरचा. तिने तो आम्हाला दोनदा दाखवला, म्हणून इथेही दोनदा आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चित्रीकरण थांबवलं. त्या संध्याकाळी फलाटावर तिने एबीसीचं खातं पुन्हा उघडून बघितलं. दुसऱ्या सत्राखालची जागा रिकामीच होती. गाडी वीस मिनिटं लेट होती.

(गाडी येते. नैसर्गिक आवाज. दृश्य काळोखात जातं.)