हाक कशी मारू?

(पडद्यावर : कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा, कृष्णधवल छायाचित्र)

जून १९६३. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गॅड्सडेन. नागरी हक्क चळवळीतली एक कृष्णवर्णीय कार्यकर्ती साक्षीला उभी आहे. सरकारी वकील नाव विचारतो. ती सांगते, मिस मेरी हॅमिल्टन. पुढचा प्रश्न सुरू होतो तोच 'मेरी' अशा हाकेने. ती तिथेच अडवते : माझं नाव मिस हॅमिल्टन, नीट हाक मारा. वकील पुन्हा 'मेरी'च म्हणतो. मग ती उत्तरच देत नाही.

दक्षिणेतल्या कोर्टांत गोऱ्यांना मिस्टर, मिसेस, मिस. काळ्यांना नुसतं नाव, ही वहिवाटच होती. ती मोडल्याबद्दल हॅमिल्टनना ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. कैद त्यांनी भोगली, दंड भरायला नकार दिला. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

(पडद्यावर : १९६७, स्टॉकहोम)

स्वीडनमध्ये तोवर समोरच्याशी बोलतानाही त्याचा हुद्दाच घेत. 'डायरेक्टर अँडरसन कॉफी घेणार का?' आणि हे विचारायचं खुद्द अँडरसनना! हुद्दा ठाऊक नसला की पंचाईत. मग 'कॉफी चालेल का' असं कर्ता गाळून, आडून आडून बोलणं. त्या वर्षी वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी कर्मचाऱ्यांना जाहीर सांगितलं : मी सगळ्यांना अरे-तुरे करणार, तुम्हीही मला ब्रोर म्हणा. वारं आधीपासूनच वाहत होतं, पण नाव झालं ते रेक्सेड यांचं.

नुसत्या नावाची हाक एकीकडे अपमान, दुसरीकडे बरोबरी. रेक्सेडनी स्वतःचं नाव आधी पुढे केलं. हॅमिल्टनना गॅड्सडेनच्या त्या वकिलाला नुसत्या नावाने हाक मारता आली असती का?

तरी रेक्सेड यांच्या बाजूनेही एक मेख आहेच. 'मला नावानेच हाक मारा' असं साहेब म्हणाला, तर हाताखालच्या माणसाला 'नको, अवघड वाटतं' म्हणता येतं? मोकळेपणाचीही सक्ती होते.

आणि 'मिस' तरी कशाला? लग्न झालंय की नाही, हे दर अर्जात बाईनेच का सांगायचं? पश्चिम जर्मनीच्या सरकारी कचेऱ्यांतून 'फ्रॉइलाइन', म्हणजे तिथलं 'मिस', १९७२ मध्ये गेलं. फ्रान्सच्या सरकारी अर्जांतून तसंच 'मादमोआझेल' जायला २०१२ उजाडलं. एखादीला तेच संबोधन आवडत असेल, तर तिला खुशाल तसंच म्हणावं. पण तिने सांगितल्यावर.

(पडद्यावर : शस्त्रक्रियागृह, मास्कमागचे चेहरे)

इथे संकोचाला वेळच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलंय ना, याची खातरजमा तिच्यात आहे. रक्तस्राव वाढल्यावर नुसतं 'अहो, जरा बघा' म्हटलं तर मास्क लावलेल्यांपैकी नेमकं कोणी बघायचं? म्हणून प्रत्येक जण आधीच, स्वतःच्या तोंडाने, आपण कोण ते सांगून ठेवतो. सर्जनसुद्धा.