जुन्या ट्रकचा हीटर: भाग मागण्याआधी ट्रक वाचा

(दृश्य: उघडलेला डॅशबोर्ड, लोंबकळणाऱ्या वायरी, टॉर्चचा उजेड)

पुढची काच आतून धुरकट झाली आहे. फडकं फिरवलं तरी साफ होत नाही, उलट तेलकट फराटा उमटतो. केबिनमध्ये गोडसर वास आहे आणि पायाखालचं मॅटिंग उचललं तर पत्रा ओला लागतो. हे सगळं एकदम दिसलं की हीटरचा कोअर गळतोय, असंच धरून चालावं.

कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, एका होसमधून (रबरी नळीतून) त्यात येतं, बारीक नळ्यांतून फिरतं आणि दुसऱ्या होसने परत जातं. ब्लोअर, म्हणजे मोटरवरचा पंखा, त्याच्या जाळीतून हवा ढकलतो. रचना एवढीच. तरीही जुन्या ट्रकसाठी नेमका कोअर मिळवताना भलेभले मेकॅनिक मेटाकुटीला येतात. कारण ट्रकचं नाव आणि साल एवढ्यावर हा भाग ठरत नाही.

पण आधी, खरंच कोअर बदलायचा आहे का? गळती नसेल आणि फक्त गरम हवा येत नसेल, तर इंजिन पुरतं तापू द्या आणि हीटरचे दोन्ही होस जपून चाचपून पाहा. दोन्ही सारखेच गरम असतील तर कोअरमधून कूलंट नीट फिरतंय. दोष हवा वळवणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये शोधा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा हीटरचा कॉक (कूलंटची वाट उघडबंद करणारी तोटी) उघडत नाही. तुंबलेला कोअर उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला तर पुष्कळदा मोकळा होतो. दोन्ही कोमट असतील तर कूलंटची पातळी बघा, मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप. तो साधारण 80 ते 90 अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडायला हवा. उघडाच अडकून बसला तर इंजिन तापतच नाही, मग हीटर तरी कुठून तापणार?

ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालत असेल, तर मोटर बदलायची घाई नको. खालच्या वेगांसाठी वीज एका रेझिस्टरमधून (वीज अडवून कमी करणाऱ्या भागातून) जाते आणि वरच्या वेगाला ती थेट मोटरला मिळते. रेझिस्टर जळला की खालचे वेग गेले, वरचा तेवढा उरला. भाग लहानसा, पण निदान चुकलं तर चांगली मोटर नाहक बाहेर निघते.

(दृश्य: काढलेला कोअर टेबलावर, शेजारी व्हर्नियर कॅलिपर)

आता शोधाशोध. पहिला प्रश्न: ट्रकला कारखान्यातून एसी होता की नाही? एकाच मॉडेलमध्ये, एकाच साली, एसीवाल्या गाडीचा हीटर बॉक्स वेगळा आणि बिनएसीच्या गाडीचा वेगळा असू शकतो. दुसरा प्रश्न बांधणीच्या तारखेचा. वर्षाच्या मध्यावर भाग बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून चासी नंबर आणि दारावरची पाटी दोन्ही टिपून ठेवा. 17 अक्षरांचा ठरावीक चासी नंबर अमेरिकेत 1981 पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांवर ज्या त्या कंपनीची आपली पद्धत होती. तो नंबर उलगडायला त्या कंपनीचं त्या काळचं पार्ट्स बुकच (भागांची यादी असलेलं पुस्तक) लागतं.

आणि पार्ट्स बुकही शेवटचा शब्द नव्हे. जुन्या ट्रकला मालक बदललेले असतात, डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचा बसलेला असतो, हीटर बॉक्स कुणीतरी कापून जुळवलेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे: जुना भाग बाहेर काढून, मापून मगच नवा मागवा.

मापायचं कसं? जाळीची लांबी, रुंदी आणि जाडी, दोन्ही टोकांच्या टाक्या सोडून. मग टाक्यांसकट पूर्ण माप. होस ज्यांवर बसतात त्या दोन नळ्यांचा बाहेरचा व्यास वेगवेगळा घ्या, कारण बऱ्याच ट्रकांत एक नळी 16 मिलिमीटरच्या होसची आणि दुसरी 19 मिलिमीटरच्या होसची असते. नळ्या कुठून निघतात, किती लांब आहेत, कुठे वळतात, त्यांच्यातलं अंतर किती, हेही लिहा. जाळी तंतोतंत बसली आणि नळी बोटभर बाजूला निघाली, तरी ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून बाहेर येत नाही.

ब्लोअर मोटरचं वेगळं. आधी व्होल्ट: अवजड ट्रक पुष्कळदा 24 व्होल्टचे, पिकअप 12 चे, फार जुने काही 6 व्होल्टचेही. मग दांड्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा. पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा येतेच, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

जुना कोअर तांब्या-पितळेचा असेल तर तो भंगारात टाकण्याआधी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. असा कोअर झाळता येतो, आणि जाळी सडली असेल तर त्याच टाक्यांना नवी जाळी जोडणारे कारागीर असतात. मूळ मापं हुकत नाहीत. बाजारात भाग मिळेनासा झालेल्या ट्रकसाठी मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. अॅल्युमिनियमची जाळी आणि दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतील, तर मात्र बहुधा नवाच घ्यावा लागतो.

(दृश्य: होसवर ब्लेडने उभा काप)

होस पिळून ओढू नका. आतली नळी वाकते. बदलायचाच असेल तर होस उभा चिरून सोडवा. कोअरभोवतीची स्पंजची पट्टी नवी लावा, नाहीतर हवा जाळीला वळसा घालून थंडच बाहेर येईल. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते विषारी असतं आणि गोडसर चवीमुळे जनावरं चाटतात.

डॅशबोर्ड परत बसवण्याआधी कूलंट भरा, अडकलेली हवा काढा, इंजिन तापवून सांधे कोरडे राहतात का पाहा. बसलेल्या भागाचा नंबर पार्ट्स बुकात लिहून ठेवा, आणि नवा कोअर काही दिवस बिनतक्रार चालेपर्यंत जुना टाकू नका.