'कळवतो' म्हणजे कधी?

(कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिक संघातलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं माईकने खाल्ली आणि सात वाजता हा हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, तेव्हा पाल्हाळ लावणार नाही असं घरी कबूल करून आलोय. (मागून कोणीतरी हसलं. हसणारे माझे शेजारीच आहेत.)

विषय असा की वृद्धाश्रमात, म्हणजे जिथे खरंच सांभाळतात अशा ठिकाणी, जागा मिळायला इतकं ताटकळावं का लागतं. लोक म्हणतात वृद्धाश्रम कमी आहेत. आहेतच कमी. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायला आत्याची गोष्ट सांगावी लागेल.

आत्या ८१ वर्षांची, एकटी, सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटची मीटिंग दर रविवारी होते, गेली नऊ वर्षं, पोहे मात्र चांगले असतात. तर बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या. घरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर! मेडिक्लेमवाला म्हणाला ॲडमिट असेपर्यंत आमचं, पुढचं तुमचं. बरोबरच आहे म्हणा त्याचं, पॉलिसी उपचाराला असते, कुशीवर वळवायला नसते.

मग मी वही घेऊन फोनला बसलो. अकरा ठिकाणं. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "आजी स्वतःचं स्वतः करतात का?" मी म्हणालो, अहो करत असत्या तर फोन कशाला केला असता? "साहेब, आम्ही चालते-फिरतेच घेतो." एका ठिकाणी पेशंट घेतात पण विसरणारे नको, रात्री उठून गेटकडे जातात म्हणे. एका ठिकाणी सगळं घेतात, पण डिपॉझिट ऐकून मीच जरा वेळ आडवा झालो. उरलेले म्हणाले, "नाव लिहून ठेवतो, कळवतो." मी आपला सरळ विचारून बसलो, साधारण कधी होईल जागा? पलीकडच्या बाई गप्प. फोन ठेवल्यावर ट्यूब पेटली, की तिथला बेड एकाच कारणाने रिकामा होतो आणि मी त्या बाईंना कोणाची वेळ कधी भरतेय ते विचारत होतो. अजूनही आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

तोपर्यंत ब्युरोच्या, म्हणजे घरी सांभाळायला माणूस पाठवतात त्या एजन्सीच्या, मावशी, दिवसाच्या एक, रात्रीच्या एक, बारा-बारा तास. रात्रीच्या मावशी आत्याच्या आधी झोपायच्या, आणि आत्याच उठून, नाही, उठता येत नव्हतं, पडल्या पडल्याच त्यांच्या अंगावर पांघरूण आहे का बघायची. तीन महिन्यांनी आत्या वॉकरवर चालायला लागली आणि नेमका त्याच आठवड्यात फोन, "जागा झालीय, आजींना आणा." आत्या म्हणाली मला काय झालंय? मी नाही जायची. नाव कटलं. पुन्हा पडली की पुन्हा शेवटून नंबर!

दहा मिनिटं? बरं बरं, संपवतो.

मुद्दा हाच. हातपाय चालतायत तोवर संस्था घ्यायला तयार आणि आपण जायला तयार नाही, अंथरुणाला खिळलो की उलटं. म्हणून रांग आहे ती खोल्यांसाठी नाही, माणसांच्या हातांसाठी आहे. खोली बांधता येते हो, पण झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवायला, डायपर बदलायला, भरवायला तिन्ही पाळ्यांत माणूस लागतं, ते काम अवघड, पगार कमी, कोणी टिकत नाही. मग संस्था बेड असूनही नाही म्हणतात.

सरकार? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, कलम १९, जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, १५० जणांचा. पण राज्य 'काढू शकेल' असं लिहिलंय, 'काढलंच पाहिजे' असं नाही, आणि तोही निराधारांसाठी. आत्याला पेन्शन आहे, म्हणजे ती निराधार नाही आणि ते डिपॉझिट भरण्याइतकी साधारही नाही. मधल्या मध्ये लोंबकळणारे आपण सगळे, या खुर्च्यांवर बसलेले. ७० च्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, घ्या जरूर, पण तेही हॉस्पिटलपुरतंच.

जपानने २००० साली सांभाळण्याचा वेगळा विमा काढला, चाळिशीपासून हप्ता कापतात. तरी तिथे २०१५ पासून सरकारी मदतीच्या नर्सिंग होममध्ये नवीन प्रवेश सहसा जास्त परावलंबी लोकांनाच, कारण रांग. म्हणजे नुसत्या पैशाने भागत नाही, पण निदान कोणाला आधी घ्यायचं याचा काही नियम तरी आहे, आपल्याकडे 'कळवतो' आहे.

मला हवंय ते एवढंच की पडलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांपुरतं ठेवणारी जागा असावी आणि बरं वाटून घरी गेला तर त्याचं नाव कटू नये. यावर अजून बोललो असतो पण दारात टाळ घेऊन उभे आहेत ते. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा, आणि ती वही माझ्याकडे आहे, अकराही नंबर आहेत, झेरॉक्स देतो.