पाणी, ऊन आणि पांढरी भुकटी

(दृश्य: काचेच्या उथळ भांड्यात पाणी. तळाशी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. वरून ऊन.)

या भुकटीकडे नीट पाहा. तिला तार जोडलेली नाही, बॅटरी नाही. भांड्याखाली जाळ नाही. वरून फक्त ऊन पडतंय, आणि तरीही थरावर बारीक बुडबुडे धरू लागलेत. काही हायड्रोजनचे, काही ऑक्सिजनचे. आपल्या डोळ्यांदेखत पाणी फुटतंय.

हायड्रोजन जाळला की त्याचं पुन्हा पाणी होतं. त्यात कार्बनच नसतो, मग कार्बनचा धूर कुठून येणार? पण आज जगात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन येतो तो नैसर्गिक वायूतून आणि कोळशातून. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना सुमारे 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे इंधन स्वच्छ जळतं खरं, पण त्याचा जन्म अजून स्वच्छ नाही. म्हणून या भुकटीची गोष्ट सांगायची.

(दृश्य: वाळवंट. क्षितिजापर्यंत रिकामी जमीन.)

1912 साली जाकोमो चामिचान हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये व्याख्यान द्यायला उभे राहिले. कोळशाच्या ऐन भराचा तो काळ. त्यांनी श्रोत्यांपुढे एक चित्र उभं केलं: ओसाड, रखरखीत प्रदेशांत काचेच्या नळ्यांची वनं उभी आहेत, काचेच्या इमारती आहेत, त्यांत सूर्यप्रकाशावर रासायनिक क्रिया चालल्या आहेत, आणि कुठेही धुराडं नाही. वनस्पती जे गुपित राखून आहेत, ते माणसाच्या हाती यावं, ही त्यांची इच्छा होती. ते कसं साधायचं, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाण्याला फुटायचं नसतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येताना ऊर्जा सोडतात, आणि ती परत केल्याशिवाय एकमेकांना सोडत नाहीत. 18 ग्रॅम पाण्यासाठी किमान 237 किलोज्यूल. एका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला 1.23 इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात (हे ऊर्जेचं अतिसूक्ष्म माप). खरं तर लाल प्रकाशाच्या एका फोटॉनपाशीही, म्हणजे प्रकाशाच्या एका कणापाशीही, याहून जास्त ऊर्जा असते. तरी समुद्रावर रोज एवढं ऊन कोसळतं आणि समुद्र फुटत नाही. कारण पाणी दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, आणि जो शोषतं त्याची नुसती उष्णता होते. मध्ये कुणीतरी लागतं, प्रकाश झेलून ती ऊर्जा पाण्याच्या कामी लावणारं. त्यालाच प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

(दृश्य: पाण्यात बुडवलेला स्फटिक, तारेनं जोडलेला प्लॅटिनमचा पत्रा, बाजूला दिवा.)

अकिरा फुजिशिमा हे टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांचे विद्यार्थी होते. त्यांच्या हाती टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक होता. पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो तोच पदार्थ. स्फटिक पाण्यात, तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम. स्फटिकावर अतिनील प्रकाश पडला, आणि तिथून ऑक्सिजन सुटू लागला, प्लॅटिनमवर हायड्रोजन. स्फटिक मात्र झिजत नव्हता. त्यांचा शोधनिबंध 1972 साली ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच वर्षी जगात तेलसंकट उभं राहिलं आणि सगळ्यांच्या नजरा या स्फटिकाकडे वळल्या.

आता थोडं आत शिरू.

(दृश्य: रेखाचित्र. एक कण, त्यावर येणारा किरण.)

फोटॉन कणात शिरतो आणि एका इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलतो. मागे राहते रिकामी जागा. वर गेलेला इलेक्ट्रॉन हायड्रोजन घडवू शकतो, आणि मागची रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजन मोकळा करू शकते. पण ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला अशा चार रिकाम्या जागा खर्ची पडतात, आणि त्या कामाला सेकंदाचा हजारावा भागही लागू शकतो. तेवढा वेळ असतो कुठे? उचललेला इलेक्ट्रॉन अनेकदा सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच पुन्हा आपल्या जागी येऊन पडतो. फोटॉन वाया जातो, कण किंचित गरम होतो, संपलं.

मला या सगळ्या विषयाचं मर्म इथेच दिसतं. पाणी फोडणं हे अर्धंच काम आहे. जे फुटलं ते परत जुळू न देणं, ते वेगळं ठेवणं, हेच अवघड. कणाच्या आत इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा परत जुळू पाहतात. कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन जुळून पुन्हा पाणी होऊ पाहतात. आणि टाकीत हे दोन्ही वायू एकत्र साठले, तर एक ठिणगी पुरते.

या चिवट अडचणीशी दीर्घ झुंज दिली ती जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांनी. 1980 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेट नावाच्या भुकटीवर निकेल ऑक्साइड बसवून पाण्याची वाफ फोडून दाखवली. तार नाही, पत्रा नाही, फक्त भुकटी. मग वर्षानुवर्षं तोच पदार्थ भाजायचा, तपासायचा, पुन्हा भाजायचा.

(दृश्य: भट्टीतून बाहेर काढलेली मूस, लालबुंद.)

भट्टीतल्या मुशीनंच एक मोठी भेट दिली. मूस अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडची होती. वितळलेल्या क्षारात भुकटी तापत असताना मुशीतलं थोडं अॅल्युमिनियम स्फटिकात उतरलं, आणि भुकटीचं काम एकदम सुधारलं. इलेक्ट्रॉन अडकून वाया जायचे त्या दोषाच्या जागा अॅल्युमिनियममुळे कमी झाल्या होत्या. भांड्यातून आलेली भेसळ, पण संशोधकांनी ती फेकून न देता तिचा माग काढला. मला हा या प्रवासातला सगळ्यात सुंदर प्रसंग वाटतो.

पुढची पायरी त्याहून नाजूक होती. या स्फटिकाच्या कणाला वेगवेगळ्या प्रकारच्या बाजू असतात. इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या बाजूंकडे जातात, रिकाम्या जागा दुसऱ्या प्रकारच्या बाजूंकडे. मग पहिल्या बाजूंवर हायड्रोजनसाठी रोडियम बसवलं, दुसऱ्यांवर ऑक्सिजनसाठी कोबाल्टचं संयुग. रोडियमवर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ आवरण चढवलं. ते हायड्रोजनला बाहेर पडू देतं, ऑक्सिजनला रोडियमपर्यंत पोहोचू देत नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या एका कणात दोन स्वतंत्र दालनं झाली. 2020 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता: 350 ते 360 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात अशा कणांची कार्यक्षमता 96 टक्क्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे जवळपास प्रत्येक फोटॉन कामी आला.

(दृश्य: उघड्या आकाशाखाली मांडलेल्या सपाट काचेच्या पेट्या. काचेखाली पांढरे पत्रे.)

जपानमधलं काकिओका. टोकियो विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात डोमेन यांच्या गटानं हीच भुकटी काचेवर फवारली आणि 25 सेंटीमीटर बाजूच्या 1600 पेट्या जोडल्या. एकूण 100 चौरस मीटर. भुकटीचा थर आणि वरची काच यांत अवघं 0.1 मिलिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे वायूचा मोठा साठा एका जागी होणारच नाही. निघालेला मिश्र वायू पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पोकळ तंतूंच्या पटलातून नेला, आणि हायड्रोजन वेगळा काढला. संशोधकांनी मुद्दाम ठिणगी पाडूनही पाहिलं. यंत्रणा शाबूत राहिली. कित्येक महिने हे उन्हात चाललं. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणि कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला वाटा? सर्वोत्तम क्षणी 0.76 टक्के.

हा आकडा समजून घ्यायला हवा. भर दुपारी 100 चौरस मीटरवर साधारण 100 किलोवॉट ऊन पडतं. त्यातून या हिशेबानं तासाला जेमतेम 23 ग्रॅम हायड्रोजन निघेल. छपरावरच्या सौर पॅनेलची वीज विद्युत अपघटनाला, म्हणजे विजेनं पाणी फोडायला दिली, तर त्याच जागेतून कितीतरी पट जास्त मिळतो. मग हा खटाटोप कशाला? भुकटी फवारता येते, चादरीसारखी पसरता येते, आणि वीज गोळा करायला तारा लागत नाहीत. ही साधी मांडणी मैलोगणती जमिनीवर स्वस्तात पसरता येईल, अशी आशा आहे. त्यासाठी या क्षेत्रातले लोक 5 ते 10 टक्क्यांचं लक्ष्य धरतात.

96 टक्के अतिनील फोटॉन वापरणारी भुकटी एक टक्काही गाठत नाही, कारण ती पांढरी आहे. पांढरी म्हणजे दृश्य प्रकाश जवळपास सगळा परतवणारी. तिला हवेत अतिनील किरण, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत त्यांचा वाटा अवघा चार-पाच टक्के.

मिशिगन विद्यापीठात झेटियन मी यांच्या गटानं वेगळी वाट धरली. इंडियम गॅलियम नायट्राइडच्या अतिसूक्ष्म तारा दृश्य प्रकाशही झेलतात. भिंगानं ऊन एकवटलं आणि त्यातल्याच अवरक्त किरणांनी पाणी सुमारे 70 अंशांपर्यंत तापू दिलं. त्या तापमानाला वायू पुन्हा जुळण्याची ओढ मंदावते. 2023 साली त्यांनी प्रयोगशाळेत 9.2 टक्के आणि उघड्यावर नैसर्गिक उन्हात 6.2 टक्के नोंदवले. पण इथे उत्प्रेरकाचा तुकडा लहान होता. मोठं क्षेत्र एकीकडे, मोठी कार्यक्षमता दुसरीकडे. दोन्ही एकाच ठिकाणी अजून भेटलेली नाहीत.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं फडताळ. ओळीनं ठेवलेल्या कुप्यांत भुकट्या: पांढरी, पिवळी, लाल.)

म्हणून आता फडताळातले रंग बदलताहेत. टँटलम नायट्राइड लाल आहे, म्हणजे दृश्य प्रकाशाचा मोठा भाग ते स्वतःकडे ठेवतं. यिट्रियम, टायटॅनियम, ऑक्सिजन आणि गंधक यांचं एक संयुग 640 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरून पाणी फोडतं, हे 2019 साली दिसून आलं. या रंगीत भुकट्यांत इलेक्ट्रॉन पुन्हा लगेच परततात, आणि त्यांची कार्यक्षमता अजून फार थोडी आहे. पांढऱ्या भुकटीला मुशीतून जे मिळालं, तसं काहीतरी लाल भुकटीला मिळायचं आहे. भट्टी पुन्हा पेटली आहे.